साइड ड्रमचा मुका पाट

वाद्यांचे इतिहास बहुधा वाजणाऱ्या वस्तूंचेच असतात. जी वस्तू वाजू नये एवढ्याचसाठी घडविली गेली, तिला त्यांत जागा मिळत नाही. मिळालीच तर एखाद्या तळटीपेत. पाश्चात्त्य धर्तीच्या बँडमधील साइड ड्रम शिकण्यासाठी जी रबरी गादी वापरतात आणि जिला बँडवाले व दुकानदार सारेच ‘प्रॅक्टिस पॅड’ म्हणतात, ती अशा वस्तूंपैकी एक होय. लाकडाची एक फळी, तिच्यावर चिकटविलेला रबराचा थर आणि दोन काठ्या, इतकेच तिचे साहित्य. शेजाऱ्यांना उपद्रव न देता घरच्या घरी हात तयार व्हावा, हा तिचा हेतू. या वस्तूचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. आणि तो भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का पाहावा, याचा खुलासा प्रथम करणे इष्ट ठरेल.

निमित्त घरगुती आहे. माझी कन्या शाळेच्या बँडपथकात साइड ड्रम वाजविते. आम्ही राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर हृदयाच्या शस्त्रक्रियेतून नुकतेच उठलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. तेव्हा घरी ड्रम आणण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानात जी पॅडे होती त्यांतील सर्वांत अधिक उसळणारे आम्ही घेतले. दुकानदाराने काठी वरून नुसती सोडून दाखविली, ती आपली आपण टकटक नाचत राहिली, आणि ते पाहून मीच भुललो. चार महिने मुलीने नेमाने सराव केला. तिचा ‘रोल’, म्हणजे अखंड वाटणारा ठोक्यांचा थरथराट, घरी रेशमासारखा निघू लागला. पुढे स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी शाळेच्या ड्रमवर निवड झाली तेव्हा तोच रोल क्षणभर चालून तुटला, तिने पुन्हा धरला, पुन्हा तुटला. तिच्या हाती झांजा देण्यात आल्या. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, “बाबा, तिथे माझे हात माझे नव्हतेच.”

हे वाक्य मला बरेच दिवस पुरले. चार महिन्यांत मुलगी नेमके काय शिकली होती? वाद्य तर ती शिकली नव्हती, हे उघड झाले. पण जे शिकली होती तेही खोटे नव्हते. चार महिन्यांच्या मेहनतीने तिचे हात काही एक निश्चित गोष्ट करू लागले होते. ती गोष्ट कोणती, हे पाहू लागलो तेव्हा शोध रबरावरून लाकडावर, लाकडावरून लष्करावर आणि अखेर माझ्या स्वतःच्या प्रांतात, म्हणजे मानवी तोंडातून निघणाऱ्या ध्वनींवर येऊन ठेपला. कारण पॅड हे ड्रमच्या मुक्या सरावाचे पहिले साधन नव्हे. पहिले साधन जीभ होय.

फ्रान्समधील लांग्र या गावी १५८९ मध्ये ‘ऑर्केसोग्राफी’ नावाचे एक संवादरूप पुस्तक छापले गेले. ग्रंथकर्त्याने आपले नाव त्वानो आर्बो असे दिले आहे. खरे नाव जेआँ ताबूरो, आणि टोपणनाव हे त्याच नावातील अक्षरांची उलथापालथ करून बनविलेले. हा गृहस्थ चर्चचा अधिकारी होता आणि पुस्तक आहे नृत्यावर, हा विरोध बाजूला ठेवू. (त्याचे आडनाव जुन्या फ्रेंचमधील ढोलवाचक ‘ताबूर’ या शब्दाची आठवण करून देते, हा योग मात्र भाषाभ्यासकाला सोडवत नाही.) नृत्याकडे वळण्यापूर्वी आर्बो लष्करी कूच आणि तिचे ढोल यांविषयी सविस्तर बोलतो. फ्रेंच शिपायांच्या चालीला आठ मात्रांचा एक फेर असे; पाच मात्रांवर ठोका आणि तीन मात्रा निःशब्द. ही वाजवणूक शिष्याला सांगताना तो तीन बोल वापरतो. एका मात्रेचा एक ठोका म्हणजे ‘तां’. त्याच मात्रेत दोन ठोके आले तर ‘तेरे’. चार आले तर ‘फ्रे’. या तिहींची अदलाबदल करून तो फेराचे अनेक प्रकार मांडतो.

आपल्याकडील वाचकाला हे लगेच ओळखीचे वाटेल, आणि नेमकी तेथेच फसगत होण्याचा संभव आहे. आर्बोचे बोल आणि तबल्याचे बोल एकाच जातीचे नव्हेत. तबल्याचा ‘ना’ हा चाटेवरचा, ‘तिं’ हा निराळ्या जागेवरचा; ‘गे’ डग्ग्याचा घुमारा, ‘क’ डग्ग्यावरची बंद थाप. ‘धा’ म्हणजे ‘ता’ आणि ‘गे’ एकाच वेळी. ही रचना ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने किती शिस्तीची आहे पाहा. डग्ग्याचा घुमारा असला की बोल सघोष होतो: ध, ग, घ. तो काढून घेतला की अघोष: त, क, ट. ठेक्याच्या खालीत ‘धा’चा ‘ता’ होतो तो याच नियमाने. म्हणजे तबल्याच्या बोलात भेद होतो तो मुख्यतः नादाचा. कोणत्या कातड्याचा, कोणत्या जागेचा, उघडा की बंद, हे सारे त्या अक्षरात साठविलेले असते. उलट आर्बोच्या ‘तां’, ‘तेरे’, ‘फ्रे’ यांत नादाचा भेद अजिबात नाही. एकच कातडे, एकच आवाज. भेद आहे तो केवळ काळाचा: एका मात्रेत किती ठोके, एवढाच. ‘तेरे’ला दोन अक्षरे आहेत, कारण ठोके दोन. ‘फ्रे’ला मात्र एकच अक्षर, आणि चार ठोक्यांचे काम त्यातील थरथरत्या ‘र’वर सोपविलेले. चार अक्षरे म्हणण्याइतका अवकाश जिभेला मिळत नाही म्हणून ती कंपनाचा आश्रय घेते. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे त्यावर बोट ठेवून जातो.

पुढील काळात युरोपातील लष्करी ढोलवादकांनी याहून निराळी अशी दुसरी एक भाषा घडविली. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध शब्द कुटुंबातले आहेत. दुहेरी ठोक्यांच्या रोलमध्ये प्रत्येक हात दोन-दोन ठोके देतो: उजवा-उजवा, डावा-डावा. फ्रेंच ढोलवादक याला ‘पापा-मामाँ’ म्हणतात. इंग्रज आणि अमेरिकन लोकांत ‘डॅडी-मॅमी’ हे नाव रूढ झाले. बाप आणि आई यांचा ड्रमशी संबंध नाही, हे सांगावयास नको. संबंध आहे तो ध्वनींच्या जोड्यांशी. ‘पापा’मध्ये एकच व्यंजन दोनदा, म्हणजे एकच हात दोनदा, ‘मामाँ’मध्ये व्यंजन बदलले, म्हणजे हात बदलला. तान्ह्या मुलाच्या तोंडी प्रथम येणारे हे द्विरुक्त शब्द ढोल शिकणाऱ्या पोरसवदा मुलांना आयतेच हाताशी होते. पुढे ‘पॅराडिडल’ पाहा. त्याचा क्रम उजवा-डावा-उजवा-उजवा, आणि मग त्याच्या उलट. ‘पॅ-रा’ हे दोन भिन्न हात. ‘डि-डल’ हे एकाच हाताचे दोन ठोके, आणि म्हणून दोन्ही अक्षरांच्या आरंभी तोच ‘ड’. ‘फ्लॅम’मध्ये मुख्य ठोक्याच्या अगदी अलीकडे दुसऱ्या हाताचा एक बारीक ठोका चिकटलेला असतो, त्याचे चित्र ‘फ्ल’ या जोडाक्षरातच आहे, कारण त्या दोन व्यंजनांमध्ये स्वराला जागा नाही.

या नावांपैकी ‘पाताफ्लाफ्ला’ हे मला विशेष बोलके वाटते. चार ठोक्यांचा हा फेर आज कागदावर लिहितात तेव्हा पहिल्या आणि चौथ्या ठोक्याला फ्लॅम असतो, मधले दोन साधे. नाव मात्र दोन साध्या ठोक्यांपासून, ‘पा-ता’पासून, सुरू होते आणि मग ‘फ्ला-फ्ला’. म्हणजे नाव जेथून आरंभ करते ते ठिकाण आणि लेखन जेथून आरंभ करते ते ठिकाण एक नव्हे. फेर सतत फिरत राहिला की चौथा आणि पुढचा पहिला असे दोन फ्लॅम लागोपाठ पडतात, ते कानाला जोडीने ऐकू येतात, आणि तोंडाने ती जोडी नावात धरून ठेवली. लेखणी पुढे आली तरी तिने नाव बदलले नाही.

या दुसऱ्या भाषेत नोंद कशाची आहे? नादाची नाही, केवळ काळाचीही नाही. नोंद आहे हातांच्या क्रमाची. तबल्याचा विद्यार्थी बोल म्हणतो तेव्हा कोणता आवाज निघावयाचा हे तो म्हणतो. साइड ड्रमचा विद्यार्थी ‘पॅराडिडल’ म्हणतो तेव्हा कोणता हात पडावयाचा हे तो म्हणतो. वाद्यवृंदातील कसलेला वादक साइड ड्रमच्या कडेवर, मध्यावर, काठावर निरनिराळे आवाज काढतो हे खरे. परंतु शिक्षणाच्या मूळ धड्यांनी त्या आवाजांना नावे दिली नाहीत.

हे मूळ धडे लेखबद्ध होण्याचा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेतील आहे. चार्ल्स स्ट्यूअर्ट ॲशवर्थ याचे ढोलवादनपद्धतीवरील पुस्तक बोस्टन येथे १८१२ मध्ये निघाले आणि या धड्यांसाठी ‘रूडिमेंट’, म्हणजे मूलपाठ, ही संज्ञा त्यात आली. यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, ब्रूस आणि एमेट यांचे मार्गदर्शक पुस्तक आले. १९३३ मध्ये शिकागो येथे तेरा ढोलवादकांनी एक राष्ट्रीय संघटना स्थापून तेरा आणि तेरा असे सव्वीस मूलपाठ प्रमाण ठरविले, आणि १९८४ मध्ये त्यांची संख्या चाळीस झाली. या याद्यांचा तपशील येथे देत नाही. त्यापेक्षा १९३५ मध्ये जॉर्ज लॉरेन्स स्टोन याने बोस्टनहून काढलेले ‘स्टिक कंट्रोल’ हे पुस्तक आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच्या पहिल्या तीन पानांवर बहात्तर अभ्यास आहेत. स्वरलेखनात पाहिले तर बहुतेक ठिकाणी त्याच त्या एकसारख्या, आघातरहित मात्रा. फरक आहे तो खाली छापलेल्या ‘उजवा’ आणि ‘डावा’ या अर्थाच्या अक्षरांत. प्रत्येक अभ्यास न थांबता वीस वेळा वाजवावा अशी सूचना आहे. जे अभ्यास डोळ्यांना निरनिराळे आणि कानाला जवळजवळ एकच, त्यांचा एवढा संग्रह संगीताच्या दुसऱ्या कोणत्या शाखेत सापडेल असे मला वाटत नाही.

ज्या वाद्याच्या विद्येचा पाया असा नादनिरपेक्ष आहे, त्या विद्येतून मुके साधन निघणे हे केवळ सोयीचे नव्हते, तर्काला धरूनही होते. तबला किंवा संबळ यांच्या बाबतीत ते तितके सहज संभवत नाही. तबल्यासाठीही आता रबरी गाद्या विकावयास आल्या आहेत आणि बोटांना वेग येण्यास त्यांचा उपयोग होत असेल. परंतु ‘ना’ आणि ‘तिं’ यांतला भेद रबराला ठाऊक नाही, तेव्हा ती गादी तबल्याचा अर्धा धडा शिकवू शकेल, अधिक नाही. साइड ड्रमची गादी मात्र जवळजवळ पूर्ण धडा शिकविते. ‘जवळजवळ’ का, ते आता पाहू.

मिनिटाला १२० पावलांचे संचलन घ्या. एका पावलाला आठ ठोके, असा रोल वाजला तर सेकंदाला सोळा ठोके पडतात. सामान्य बोलण्यात माणूस सेकंदाला पाच-सहा अक्षरे उच्चारतो. पढंत करणारा तयार कलावंत याच्या बराच पुढे जाईल, तरीही सोळा स्पष्ट अक्षरे हा जिभेचा प्रांत नव्हे. आर्बोचा ‘फ्रे’ आठवावा. जिभेने तेथेच हात टेकले होते. मग मनगट हे कसे करते? तेही करीत नाहीच. सोळांपैकी प्रत्येक हाताच्या वाट्याला आठ ठोके येतात, पण ते जोडीने; म्हणजे मनगट सेकंदाला चारच वेळा हलते. जोडीतील पहिला ठोका मनगटाचा. दुसरा कातड्यावरून परत उसळलेल्या काठीचा, बोटांनी सावरून धरलेला. ‘पापा’मधील पहिला ‘पा’ वादकाचा, आणि दुसरा निम्मा कातड्याचा. दुहेरी रोल शिकणे म्हणजे ही दुसऱ्याची उसळी आपल्या हिशेबात घेण्यास शिकणे.

नादापासून ही विद्या वेगळी करता येते. उसळीपासून येत नाही. म्हणून मुक्या पाटाचा इतिहास खरे पाहता आवाज कमी करण्याचा इतिहास नसून उसळीची नक्कल करण्याचा इतिहास आहे. आवाज तर उशीवर वाजविल्यानेही कमी होतो.

बराकीत शिकणाऱ्या मुलांना टेबल, बाक आणि खुर्ची यांपलीकडे साधन नव्हते. न्यू यॉर्कच्या बंदरातील गव्हर्नर्स आयलंडवर अमेरिकन लष्कराची ढोल-बासरीवाल्या मुलांची शाळा होती; सकाळचे उठणे, जेवण, रात्रीचे निजणे यांचे सारे संकेत या मुलांनी वाजवावयाचे. (रात्रीच्या संकेताला इंग्रजीत ‘टॅटू’ म्हणतात. तो शब्द डच ‘तापतू’वरून आला: पिंपाची तोटी बंद करा, आता मद्य मिळणार नाही! गोंदण्याच्या ‘टॅटू’शी याचे नाते नाही; तो पॉलिनेशियातून आला.) बाझेल या स्विस शहरात ढोलविद्येची नागरी परंपरा आजही जिवंत आहे. तेथील फासनाख्ट हा कार्निव्हल सोमवारी पहाटे चार वाजता शहरातील दिवे मालवून ढोल-बासऱ्यांनी सुरू होतो. युनेस्कोने २०१७ मध्ये त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. तेथे शिकणारे मूल आधी ड्रमवर बसत नाही; ते ‘ब्योक्ली’वर बसते. ब्योक्ली म्हणजे लहानसा बोकड, सरावाचे लाकडी मेजच. साधनाला लाडाचे नाव मिळावे, इतके ते घरातले झाले आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी ड्रमचे कारखाने निघाले. शिकागोचा लुडविग बंधूंचा कारखाना १९०९ चा. ढोलवादक आता लष्करी राहिला नव्हता. तो नाट्यगृहात वाजवी आणि भाड्याच्या खोलीत राही. पातळ भिंतींच्या त्या खोलीने पॅडला बाजार मिळवून दिला असे मला वाटते. त्या काळचे नमुनेदार पॅड म्हणजे वर रबराची चकती बसविलेला उतरत्या माथ्याचा लाकडी ठोकळा. माथा उतरता का? लष्करी ढोल खांद्याच्या पट्ट्याला अडकवून एका कुशीला लटकत असे, म्हणूनच तो ‘साइड’ ड्रम. कुशीला लटकल्यामुळे तो कलंडलेला राही, आणि त्यामुळे डाव्या हातातील काठी तळव्यावर आडवी धरावी लागे. पुढे ड्रम तिपाईवर आला, सरळ झाला. ठोकळा तरीही काही काळ उतरताच राहिला. शब्दातील अनुच्चारित अक्षर लेखनात टिकून राहावे, तसा तो उतार.

पॅडच्या कर्त्यांपैकी एकच नाव येथे घेतो. बिली ग्लॅडस्टन (मृत्यू १९६१) हा न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्यूझिक हॉलमधील ढोलवादक. ते नाट्यगृह १९३२ मध्ये उघडले. जन्माने रुमानियन, हाताने कारागीर. त्याने जे रबरी पॅड केले ते फळीवर बसवावयाचे नव्हते; ते खऱ्या ड्रमच्या कातड्यावरच ठेवावयाचे होते. त्यामुळे आवाज दबतो, पण खालचे कातडे आपली उसळी देतच राहते. नक्कल करण्याऐवजी मूळच वापरावे, हा त्यातील विचार. ज्यांच्या घरी ड्रम आहे त्यांच्यासाठी याहून शहाणी युक्ती माझ्या पाहण्यात नाही. जो मोरेलो हा विख्यात जाझ ढोलवादक ग्लॅडस्टन आणि वर उल्लेखिलेला स्टोन या दोघांचाही शिष्य. स्टोनने १९६१ मध्ये दुसरे पुस्तक काढले त्याच्या नावातच ‘आघात आणि उसळी’ हे दोन शब्द आहेत.

दरम्यान मूळच बदलत होते. वासराचे कातडे दमट हवेत सैल पडे आणि कोरड्या हवेत ताणले जाई. त्याची उसळी ऋतूवर अवलंबून. १९५७ मध्ये रेमो बेली याने मायलर या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे मढवण बाजारात आणणारी कंपनी कॅलिफोर्नियात काढली, आणि त्या सुमारास इतरही त्या उद्योगात होते. प्लॅस्टिकला पावसाळा नाही. ते अधिक ताणता येते आणि तसेच राहते. पुढे त्याच पापुद्र्याचे, किल्लीने ताणता येणारे पॅडही निघाले. स्कॉटिश धर्तीच्या पाइप बँडांनी १९८० नंतर केव्लार या धाग्याचे मढवण स्वीकारले. ते इतके कडक ताणतात की काठी टेबलावर आपटल्यासारखी परतते, आणि त्यांची पॅडेही तशीच कडक. १९९७ च्या इलेक्ट्रॉनिक ड्रमांवर जाळीचे मढवण आले. ते फारच शांत आणि फारच उसळणारे. प्रत्येक पॅड अशा रीतीने कोणत्या तरी एका कातड्याची प्रतिकृती असते. बाजारात गेलेल्या माणसाने पॅड चांगले कोणते हे विचारू नये. ते कोणत्या ड्रमचे आहे हे विचारावे.

मी हे विचारले नव्हते. शाळेत जाऊन ड्रम पाहिला तेव्हा उलगडा झाला. मढवण प्लॅस्टिकचेच, पण जुने. मधोमध खोलगट झालेले. ताण देणारे स्क्रू कित्येक दिवसांत कोणी फिरविले नव्हते. काठी त्यावर सोडली तर दोन उड्यांत निजे. घरच्या पॅडवर दुसरा ठोका फुकट मिळत होता. मुलीच्या बोटांना तो मिळविण्याची सवयच लागली नव्हती. शाळेच्या ड्रमने तो देण्याचे नाकारताच ‘पापा’मधला दुसरा ‘पा’ नाहीसा झाला. तिने शिकलेले खोटे नव्हते. ते एका निराळ्या कातड्याचे होते. हे सारे निवडीपूर्वी कोणी तपासले नाही, मीही नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

शाळेच्या ड्रमला पुढे किल्ली लागली. घरी आम्ही दोन बाजूंचे पॅड घेतले: एका बाजूस जिवंत रबर, दुसरीस काहीसे मंद. ते बारा इंचांचे आहे. ड्रमचा व्यास चौदा इंच असतो, तथापि दोन्ही काठ्या जवळजवळ पडावयाच्या असल्याने सहा इंचही पुरले असते. मोठे घेतले ते ड्रमच्या तिपाईत बसते म्हणून. टेबलावर ठेवून वाजविल्यास टेबलाचेच खोके होते आणि ठोका जमिनीवाटे खाली उतरतो, हा अनुभव आल्यावर तिपाईखाली एक जुनी गोधडी चौघडी करून घातली. खऱ्या ड्रमचा आवाज वादकाच्या कानाशी १०० डेसिबेलच्या पलीकडे सहज जातो. हा त्यापुढे कुजबुजीसारखा. फार मऊ, जेलीसारखी पॅडेही मिळतात. त्यांच्यावर मनगटाला व्यायाम घडतो, उशीवर घडतो तसा. थोडा वेळ ठीक, परंतु एकुलते एक पॅड म्हणून ती घेऊ नयेत असे माझे मत झाले आहे, कारण तेथे शिकावयाची ती गोष्टच अनुपस्थित असते.

काठ्यांबद्दल एक शब्द. शाळेत ज्या त्याच घरी वापराव्या. पातळ काठीने घरी मिळविलेला वेग जाड काठी परत घेते. काठ्यांवर ‘५ ए’, ‘२ बी’ असे शिक्के असतात. आकडा मोठा तशी काठी बहुधा बारीक. ‘बी’ बँडची, ‘एस’ रस्त्यावरच्या संचलनाची, आणि ‘ए’ ऑर्केस्ट्राची. ऑर्केस्ट्राला ‘ओ’ का नाही, तर विल्यम लुडविग यांना छापलेला ‘ओ’ दिसावयास आवडत नसे, अशी आख्यायिका सांगतात. संज्ञांच्या व्युत्पत्तीत असल्या कारणांना स्थान देण्यास आम्ही भाषाशास्त्रज्ञ नाखूष असतो.

आता मुलगी पॅडची मंद बाजू आधी आणि जिवंत बाजू नंतर, अशा क्रमाने बसते. आणि हात सुरू करण्यापूर्वी बोल म्हणते. ‘पापा-मामाँ’ मी तिला सांगितले होते. तिला ते पसंत पडले नाही. दोन दिवसांनी पाहतो तर तिने त्याचे मराठी करून टाकले होते: उजव्या हाताला ‘दादा’, डाव्याला ‘मामा’. द आणि म. इंग्रजी ‘डॅडी-मॅमी’मधील व्यंजनांची जोडी हीच, आणि ती तिला कोणी सांगितली नव्हती. हळू आरंभ करून ती वाढवीत जाते. एका ठिकाणी जीभ थांबते आणि पुढे नुसत्या काठ्या चालतात.

मागच्या आठवड्यात जिन्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांची प्रकृती आता सुधारली आहे. त्रास होत नाही ना, असे मी विचारले. ठोके तर मुळीच ऐकू येत नाहीत, ते म्हणाले. पण तुमच्याकडे रोज संध्याकाळी मुलीचे मामा येतात वाटते?